मुक्याची घळ

ऐका. गुळाची काहील उतरायला अजून वेळ आहे, आणि नुसते चुलवाणाकडं बघत बसलात तर एकेकाची मान लवायला लागेल. म्हणून सांगतो. जवळ सरका. मला ओरडून सांगायची सवय नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हेच.

आपल्या खालच्या आळीचा मोरेश्वर तांबट. कळशी घ्यायची झाली, घंगाळ घ्यायचं झालं, तर आपण त्याच्याच दारात जातो. त्याचा बाप तांबट, आजा तांबट. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून त्याचं भांडं करायचं आणि मग त्यावर बारीक बारीक ठोके मारत बसायचं. मठारणं म्हणतात त्याला. ठक ठक ठक ठक. सकाळी सुरू झालं की दिवे लागेपर्यंत. पोर चालायला लागल्यापासून मोरेश्वर त्या आवाजात वाढला. त्याला कधी वाटलंच नाही की आवाज कानाला काही करत असेल.

मग एका रात्री निजला असताना त्याच्या कानात शिट्टी वाजायला लागली. बारीक. लांब कुठंतरी कुणी पिपाणी फुंकत बसल्यासारखी. तो उठला, अंगणात गेला, परसात गेला. बायकोला उठवलं. कुमुद म्हणाली, "अहो, मला तर काहीच ऐकू येत नाही." दुसऱ्या दिवशी शिट्टी होतीच. तिसऱ्या दिवशीही. दिवसा कामात बुडालेली असायची, आणि घर निजलं की वर यायची.

एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ऐका, पुढं उलटंच झालं. ज्या माणसाला आताशा बोललेलं अर्धंच ऐकू यायचं, त्यालाच पळीचा आवाज सुरीसारखा लागायला लागला. ताटावर वाटी ठेवली की हा कान दाबून भिंतीला टेकायचा. कुकरची शिट्टी झाली की डोळ्यांत पाणी. आणि धंदा काय, तर तांबं ठोकायचा. स्वतःच्याच हातोड्याला माणूस भ्यायला लागला. चार ठोके मारायचा आणि हात खाली.

कुमुदनं काय काय केलं ते तिलाच ठाऊक. कुकर माळ्यावर टाकला, डाळ पातेल्यात शिजवायला लागली. भांड्यांच्या मांडणीवर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या अंथरल्या. हातातल्या बांगड्यांना दोरा गुंडाळला, वाजू नयेत म्हणून. मुळात ती गुणगुणणारी बाई. पाणी भरताना, भाकरी थापताना, सारखं काहीतरी चालू. सूर धड नसायचा, पण चालू. ते तिनं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

लसणाचं तेल झालं. कान कोरणारा झाला. पलीकडच्या गावचा देवऋषी झाला. तो म्हणाला, कुणीतरी हाक मारतंय तुला. मोरेश्वर म्हणाला, "हाक मारत असेल तर नाव तरी घ्यावं. नुसती शिट्टी काय वाजवतो?"

शेवटी कुमुदनं तालुक्याला कानाच्या डॉक्टरीणबाई बघितल्या. ती बरोबर जाणार होती, पण नेमकी गाय व्यायला झाली. मोरेश्वर एकटाच गेला. बाईंनी त्याला काचेच्या एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. कानावर यंत्र लावलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाल्या. आणि त्या खोलीत त्याची शिट्टी अशी काही वर आली की कुठली त्यांची आणि कुठली आपली, हे त्याला कळेना.

मग बाईंनी समोर बसवून सांगितलं. ठोक्यांनी आतल्या नाजूक नसा दुखावल्यात. शिट्टी मला चिमट्यानं ओढून काढता येणार नाही. पण मन तिला सरावतं, सरावलं की ती मागं जाते. कानात बसवायचं यंत्र देते. काम करताना कान झाका, पण घरात हा कानात खुपसलेला कापूस काढून टाका. रात्री उशाशी पंखा किंवा रेडिओ बारीक चालू ठेवा. रोज थोडा थोडा आवाज अंगावर घ्या. "आणि मोरेश्वरराव," बाई म्हणाल्या, "शांतता शोधत फिरू नका. जितकी शोधाल तितकं लहान आवाजही मोठे वाटतील."

मोरेश्वरला राग आला. एवढ्या लांब तो शिट्टी काढून टाकायला आला होता आणि बाई त्याला आणखी आवाज ऐक म्हणत होत्या. यंत्र नको म्हणाला. कापूस आणखी आत खुपसला आणि यष्टीत बसला.

फाट्यावर उतरला तेव्हा अंधार पडला होता. अमावस्या तोंडावर. फाट्यावरून आपल्या गावाला डांबरी रस्ता येतो, शाळेला वळसा घालून. आणि त्याच रस्त्यावर वरात. इनामदारांच्या नातवाची. भिंतीएवढे भोंगे गाडीवर रचलेले, पुढं पोरं नाचतायत, आणि तो दणका. बरं का, तुम्हा-आम्हाला नुसता दणका. मोरेश्वरला छातीत खुंटी ठोकावी तसा एकेक ठोका. तो रस्त्याकडेला बसला. थोडा वेळ वाट पाहिली. वरात हलेना.

मग त्यानं डाव्या अंगाची वाट बघितली.

घळ ठाऊक आहे ना तुम्हाला? टेकडीच्या पोटातून वाट उतरते, खाली डोह आहे, डोहाच्या काठानं वर चढलं की थेट आपली खालची आळी. जवळची वाट. तरी तिथून कुणी जात नाही. दिवसासुद्धा बैल नेले तर त्यांच्या गळ्यातली घुंगरं तिथं वाजत नाहीत. गळा हलतो, घुंगरं हलतात, वाजत नाहीत. म्हणून तिला मुक्याची घळ म्हणतात. मोरेश्वरला हे लहानपणापासून माहीत होतं. पण कावलेल्या माणसाला कसलं भय.

तो उतरायला लागला. पहिल्याच वळणावर भोंगे थांबले. मागं वळून बघितलं, तर दिवे नाचतायत, पोरं उड्या मारतायत, आवाज नाही. त्याला बरं वाटलं. आणखी खाली गेला. रातकिडे गप्प झाले. आणखी खाली. पायाखाली पाचोळा होता, सुका, पण चुरचुरला नाही. त्यानं कानातला कापूस काढला. काहीच नाही.

आणि मग, ऐका, शिट्टी थांबली.

किती दिवसांनी. तो जागच्या जागी उभा राहिला. रडू आलं त्याला. भर उन्हातून माळ तुडवत आलेल्या माणसानं पाण्यात पाय सोडावेत, तसं वाटलं म्हणाला. इथंच बसावं. इथंच निजावं. घर, दुकान, काही आठवेना. पाय आपोआप खाली चालले होते.

डोहाच्या काठावर कुणीतरी बसलं होतं. घोंगडी पांघरून, उकिडवं. मोरेश्वर जवळ गेला तसं त्यानं शेजारच्या दगडावर हात थापटला. बस म्हणून. थापटल्याचा आवाज नाही. मोरेश्वर बसला. त्या माणसानं मायेनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हात गार होता. मोरेश्वरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. नाक होतं, डोळे होते. ओठांच्या जागी नुसती कातडी. फटच नव्हती.

हलू नका रे. पुढं ऐका.

मोरेश्वरनं खाली बघितलं. त्याचे पाय घोट्यापर्यंत डोहात होते. मग पोटरीपर्यंत. पाण्यात पाय जाताना डुबुक झालं नव्हतं, म्हणून त्याला कळलंच नव्हतं. तो मुका त्याला सावकाश, लेकराला न्हायला न्यावं तसा आत नेत होता. मोरेश्वरनं हाक मारली. "कुमुद." ओठ हलले, गळा हलला. हाक काही बाहेर पडली नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की इथं शिट्टी नाही, तशी कुमुदही नाही. कितीही दिवस बसला तरी तिचा आवाज इथं येणार नाही. थंडीनं आणि भीतीनं त्यानं दात गच्च आवळले.

दात आवळले तशी आत कुठंतरी बारीक शिट्टी वाजली.

बाहेरचे सगळे आवाज मुक्यानं गिळले होते. हा एक मोरेश्वरच्या आतला. तो त्याला पुरता गिळता आला नव्हता. मोरेश्वरनं दात आणखी आवळले, गुडघ्यावरचा हात झटकला आणि उठला. अंधारात कुठं जायचं ते समजेना. एका अंगाला पाऊल टाकलं, शिट्टी विरली. दुसऱ्या अंगाला टाकलं, वाढली. जिकडं वाढली तिकडं तो निघाला. गायीचं दावं हातात धरावं तशी त्यानं ती शिट्टी धरली.

मुक्यानं तेव्हा दुसरा खेळ मांडला. वरून भांडी सोडली. हंडे, कळश्या, परातीच्या पराती, दगडावरून आपटत खाली. दिसत एकही नव्हतं. नुसता खणखणाट. त्यात हातोडे, त्यात कुकरच्या शिट्ट्या, त्यात काचेवर खिळा ओढल्यासारखं काही. मोरेश्वर कान दाबून एक पाऊल मागं सरला. लगेच सगळं शांत. मऊ, गार शांत. पाऊल पुढं टाकलं की खणखणाट, मागं घेतलं की शांत. मुका पाठीशी उभा होता. ओढत नव्हता. नुसता वाट बघत होता.

मोरेश्वर सांगतो, तिथं मी फार वेळ उभा होतो, आणि मागं जायचं माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही.

मग त्यानं कानांवरचे हात काढले. एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबला, तो आवाज अंगावर घेत. जीव जातो असं वाटलं. गेला नाही. दुसरं पाऊल टाकलं. पुन्हा थांबला. असं करत, धडपडत, गुडघे फोडून घेत तो चढला. आणि चढता चढता त्या खणखणाटात एक वेगळा आवाज आला. घोगरा, फाटका. कुणीतरी त्याच्या नावानं ओरडत होतं.

वर घळीच्या तोंडाशी कुमुद होती. हातात बॅटरी. यष्टीची वेळ टळली तरी नवरा आला नाही, म्हणून वरातीतून वाट काढत फाट्यावर आलेली. चहावाल्यानं सांगितलं, त्या वाटेला गेले. आत पाऊल टाकायचं धाडस होत नव्हतं आणि परत जायचंही होत नव्हतं. उभी राहून हाका मारत होती. बसला होता तिचा घसा.

तो तिच्या पायाशीच कोसळला. पलीकडं वरात अजून दणदणत होती. तिनं पदराचा बोळा करून त्याच्या कानांवर धरला, आणि म्हणाली, "किती हाका मारल्या. एकीला तरी ओ द्यायची."

मोरेश्वरनं तिचे हात कानांवरून बाजूला केले. म्हणाला, "आणखी एक मार."

"आता? हे काय, समोर आहे की मी."

"तरी मार."

तिनं मारली. नवऱ्याचं नाव घेऊन. लाजली जराशी.

पुढच्या आठवड्यात दोघं मिळून डॉक्टरीणबाईंकडं गेली. यंत्र घेतलं. घरात कापूस बंद झाला. आधी दोरा काढलेली एक बांगडी, मग दोन. भाकरी थापताना कुमुद गुणगुणायला लागली, पहिल्यांदा अगदी हळू, त्याच्याकडं बघत बघत. तो म्हणायचा, चालू दे. कधी म्हणायचा, आज नको. नको म्हटलं की ती थांबायची, आणि त्यात कुणाला वाईट वाटायचं नाही. दुकानात तो आवाज अडवणारे मोठे कर्णटोप घालून ठोकतो, थोडा वेळ ठोकतो, बाकी कल्हई करतो. शिट्टी गेली का? नाही गेली. विचारलं की म्हणतो, "आहे की. तू विचारलंस म्हणून आठवली."

आता सांगतो ते ध्यानात ठेवा. त्या घळीनं कधी जायचं नाही. घाई असो, पाऊस असो, रस्त्यावर वरात असो. आणि कधी सगळं जगच अंगावर वाजतंय असं झालं, कुणाचं बोलणं सोसेना, तर त्या दिवशी तर नाहीच नाही. त्या दिवशी घरी जा आणि आपल्या माणसाला सांगा, जरा हळू बोल. ते बोलतं हळू. मी बघितलंय.