सुनेच्या ट्रकवरचा क्लीनर

सोनगीर पोलीस ठाणे, जि. धुळे.

मी, गिरधर दगडू फेगडे, वय ६७ वर्षे, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा पूर्वी केळीबागेतील काम, हल्ली ट्रकवर क्लीनर, मूळ राहणार वडगाव खुर्द, ता. रावेर, जि. जळगाव, हल्ली मुक्काम अवधान, धुळे येथे भाड्याच्या खोलीत, आज स्वतःच्या पायाने ठाण्यात आलो असून हवालदार साहेबांनी विचारले तसे त्यांच्यासमोर सांगतो ते असे की,

माझी सून कामिनी हितेंद्र फेगडे, वय २९ वर्षे, ही आज सकाळी अकराच्या सुमारास सोनगीर येथील योगराज यांच्या हॉटेलासमोरून कंपनीचा ट्रक घेऊन मला न सांगता निघून गेली. मी त्या वेळी हॉटेलातच चहा सांगत होतो. ती आणि ट्रक बेपत्ता आहेत, पुढच्या नाक्यावर ट्रक अडवावा, अशी तक्रार मी प्रथम तोंडी दिली. हवालदार साहेबांनी सुरुवातीपासून सांगा म्हटल्यामुळे सुरुवातीपासून सांगतो.

माझा एकुलता एक मुलगा हितेंद्र तीन वर्षांपूर्वी काविळीने वारला. त्याला मूलबाळ नाही. कामिनीचे माहेर चोपड्याकडे आहे. तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. का गेली नाही ते मी विचारले नाही व माझी बायको शेवंताबाई हिनेही विचारले नाही. विचारले तर जाईल, असे आम्हाला वाटत होते.

कामिनीला लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवता येतो. बागेतून केळीचे घड रस्त्यापर्यंत तीच आणत असे. मागच्या वर्षी जळगाव येथे बायकांना ट्रक शिकवण्याचा वर्ग निघाला. तिने आधी नाव दिले व नंतर आम्हाला सांगितले. मी म्हणालो, शिक, परंतु एकटी जायचे नाही. त्यामुळे वर्ग संपेपर्यंत मी तिच्यासोबत रोज एसटीने जळगावला जात-येत होतो. गावातले लोक स्टँडवर विचारीत, "काय नाना, सुनेला शाळेत सोडायला निघाले का? डबा घेतला का?" डबा माझ्याच हातात असे, त्यामुळे उत्तर देता येत नसे.

शाळेचे मास्तर हेमराज म्हणून होते. शाळेच्या ट्रकला मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. बाया मैदानात गाडी फिरवीत तेव्हा मी कडेला उभा राहून, जपून, असा हात करीत असे. चौथ्या-पाचव्या दिवशी मास्तरांनी गाडी थांबवली आणि खिडकीतून म्हणाले, "नाना, तुम्ही हात हलवता तर तुमची सून घाबरत नाही, मी घाबरतो. त्यापेक्षा वर येऊन बसा." तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसू लागलो. आठचा आकडा काढणे, मागे घेणे, चढावर थांबवून पुन्हा उचलणे, हे सर्व माझ्यासमोर झाले. परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी चढावर ट्रक थांबवायला लावून मागच्या चाकाला टेकवून एक वीट ठेवली. कामिनीने गाडी उचलली तेव्हा वीट जागची हलली नाही. सोबत शिकणारी जळगावची सबा शेख हिने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात डबा होता.

लायसन आल्यावर धुळे येथील सातपाणी रोडवेज या कंपनीचे मॅनेजर अभिमन देवरे यांनी कामिनीला घेतले. मी सोबत होतोच. त्यांनी विचारले, गाडीवर क्लीनर कोण हवा? मी सांगितले की मीच राहीन. हवालदार साहेबांनी विचारले की ही अट कंपनीची होती का. कंपनीची नव्हती. कामिनीने माझ्याकडे पाहिले आणि "बरं," एवढेच म्हणाली. तिने तेव्हा नको म्हटले असते तर मी राहिलो नसतो, असे मला वाटते.

क्लीनरचे काम मी चोख केलेले आहे. काच पुसणे, टायर ठोकून बघणे, पाणी-ऑइल पाहणे, गाडी मागे घेताना खाली उभे राहून आवाज देणे, चालत्या गाडीत ड्रायव्हरचा फोन सांभाळणे, ही कामे माझ्याकडे होती. लाइनीवर क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतो. मी कधी म्हटले नाही. मी तिला सूनबाईच म्हणत असे. एकदा नरडाण्याला माल उतरवताना मी आवाज दिला, "सूनबाई, थोडं मागे, आन दे, आन दे, बस!" तर शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "च्यायला, घरचीच वरात आहे की!" कामिनी खूप हसली. हितेंद्र गेल्यापासून ती हसलेली मी तेव्हाच पाहिली. हे तक्रारीत नको असेल तर लिहू नये.

तिची माझ्याबद्दल एकच कुरकुर होती. मी शेजारी बसून पायाने फळीवर ब्रेक दाबतो, असे ती म्हणे. "नाना, तुम्ही पाय आपटता आणि दचकते मी." मी मुद्दाम करीत नव्हतो. समोरून गाडी आली की पाय आपोआप दाबला जातो. माझा मुलगा गेलेला आहे.

पंधरा दिवसांपूर्वी कंपनीने कामिनीला बिजासनच्या घाटाची सवय करून देण्यासाठी एक जुना ड्रायव्हर सोबत देऊन शिरपूरच्या पुढे सेंधव्यापर्यंत पाठवले. मीही होतो. ती फेरी नीट झाली. त्यावरून तिला इंदूर लाइनची मोठी गाडी द्यायचे ठरले.

काल संध्याकाळी देवरे साहेबांनी मला ऑफिसात बसवून चहा दिला आणि म्हणाले, "नाना, आता तुम्ही सुटलात. इंदूर लाइनला दोन ड्रायव्हर असतात, क्लीनर नसतो. कामिनीताईंसोबत त्या सबाताई जातील. ठरलंय सगळं. तुम्हाला बोलल्या नाहीत का?" मी म्हणालो, बोलली. ती मला काही बोललेली नव्हती. फेरीहून आल्यापासून आम्ही दोघे रोज एकाच खोलीत जेवत होतो. ती स्वयंपाक करी, मी भांडी घासत असे. शेवंताबाईशी फोनवर बोलताना तिने इंदूर लाइनचे सांगितले होते, ते मी ऐकले होते. क्लीनर नसतो, हे तिने सांगितले नव्हते. या कामासाठी मी जळगावच्या मैदानात उन्हात बसलो, घर सोडले, गावातल्या लोकांचे ऐकून घेतले. मला शेवटी ते मॅनेजरच्या तोंडून कळले.

त्यानंतर कामिनी गाडीकडे गेलेली असताना, चष्मा विसरला असे सांगून मी परत ऑफिसात गेलो आणि देवरे साहेबांना सांगितले की तिला घाटात चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, ती कोणाला सांगत नाही. मी हे काळजीपोटी सांगितले. हवालदार साहेबांनी विचारले, ते खरे होते का? त्यावर मी त्यांना पाणी मागितले.

आज सकाळी आम्ही अवधानहून ढेपेची पोती भरून शिरपूरला निघालो. नगाव ओलांडल्यावर कामिनीचा फोन वाजला. तो माझ्याकडे होता. देवरे साहेबांचे नाव आले. मी तो वाजू दिला. ती म्हणाली, "नाना, साहेबांचा असेल, स्पीकरवर टाका." मी टाकला. साहेब म्हणाले, "कामिनीताई, एवढी फेरी झाली की गाडीची चावी ऑफिसात जमा करा. तुम्हाला घाटात चक्कर येते म्हणे. नानांनी सांगितलं म्हणून कळलं. इंदूरचं सोडा, अशा माणसाच्या हातात मला कुठलीच गाडी देता येणार नाही." कामिनी म्हणाली, "बरं साहेब." मी फोन बंद करून समोर काचेजवळ ठेवला.

 ती माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. गाडी नेहमीसारखीच चालवीत होती, गिअर टाकताना आवाजही नव्हता. मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठीच बोललो. तिने आरशात पाहून डाव्या बाजूला वळण्याचा दिवा लावला आणि योगराज यांच्या हॉटेलासमोर गाडी घेतली. आमचा पहिला चहा तिथेच असतो. ती म्हणाली, "नाना, तुम्ही चहा सांगा." मी उतरलो आणि आत जाऊन दोन चहा सांगितले, तिचा बिनसाखरेचा. बाहेर आलो तर गाडी नव्हती.

मी समजलो की पुढे डिझेल भरायला गेली असेल. दोन्ही चहा समोर घेऊन बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने योगराज जवळ आला आणि हळूच म्हणाला, "नाना, वाट कोनी देखी राह्यनात? तुमनं बठ्ठं सामान आठेच शे." मी वळून पाहिले. माझी वळकटी भिंतीलगतच्या खाटेवर ठेवलेली होती. दोरी नीट बांधलेली होती. त्यावर माझा डबा आणि पाण्याची बाटली होती. रक्तदाबाच्या गोळ्या दोरीत खोचलेल्या होत्या.

लाइनीवरची रीत अशी आहे की उस्तादाला क्लीनर नको झाला तर तो वाद घालत नाही. थांब्यावर त्याची वळकटी गाडीतून काढून हॉटेलच्या खाटेवर ठेवतो आणि निघून जातो. क्लीनरने काय ते समजायचे असते. ही रीत मी गेल्या वर्षभरात इतरांच्या बाबतीत पाहिलेली आहे. एका पोराला तसे उतरवले तेव्हा मीच त्याला म्हणालो होतो की आता रडून काय उपयोग. तिथे बसलेल्या ड्रायव्हर लोकांना सर्व समजले होते. एकाने माझ्यासाठी पोहे सांगितले. मी खाल्ले नाहीत.

मी योगराजला सांगितले की मी क्लीनर नाही, सासरा आहे, सासऱ्याला असे रस्त्यावर टाकत नाहीत, पोरीला काहीतरी झाले असेल. तो म्हणाला, "मंग पोलीस ठाणं जवळच शे, नाना." म्हणून मी आलो.

हवालदार साहेबांनी माझ्यासमोर कामिनीला फोन लावला. तिने गाडी कडेला घेऊन परत फोन केला. साहेबांनी विचारले, म्हाताऱ्या सासऱ्याला महामार्गावर सोडून कुठे गेलात? ती जे बोलली ते फोनमधून मला ऐकू आले. ती म्हणाली, "साहेब, नाना आमच्या घरचे मोठे आहेत, ते कायम राहतील. मी संध्याकाळी खोलीवर जाऊन त्यांचाही स्वयंपाक करीन. सोनगीरला मी फक्त माझ्या गाडीचा क्लीनर उतरवला." साहेब म्हणाले, तोंडावर सांगायचे होते. ती म्हणाली, "सासऱ्याला तोंडावर कसं सांगू? वर्षभर नाही सांगता आलं." मग म्हणाली, "आता तर माझीही गाडी गेली. त्यांनी गोळ्या घेतल्या का तेवढं बघा." फोन बंद झाला.

हवालदार साहेबांनी मला सांगितले की बाई सज्ञान आहे, गाडी कंपनीच्या कामावर आहे, यात बेपत्ताही कोणी नाही आणि चोरीही नाही. तरी तुमचा हट्ट असेल तर तक्रार लिहून कंपनीला कळवतो, मग मात्र त्या बाईला धुळ्यातच काय, कोणत्याही लाइनीवर कोणी उभे करणार नाही. मी विचार करण्यास वेळ मागितला. मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. तिथे मी गोळी घेतली.

त्यानंतर मी पुन्हा आत येऊन पुढीलप्रमाणे सांगत आहे. कामिनीला घाटात चक्कर येत नाही. तिला कधीही, कुठेही चक्कर आलेली मी पाहिलेली नाही. बिजासनच्या घाटात तिने भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये, ब्रेक न तापवता उतरवली, असे सोबतचा जुना ड्रायव्हर म्हणाला. मी स्वतः पाहिले नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. चक्कर मला आली होती. मी देवरे साहेबांना खोटे सांगितले. हा जबाब त्यांना आजच्या आज वाचून दाखवावा, चावी जमा होण्याआधी.

हवालदार साहेब म्हणाले, नाना, मग मिटले, तुम्ही स्वखुशीने गाडीवरून उतरलात असे लिहितो, तुमचीही लाज राहील. मी त्यास नकार दिला. मी स्वखुशीने उतरलेलो नाही. मला उतरवले आहे. तसेच लिहावे. घरातल्या माणसाने वर्षभर माझ्यासोबत जेवून मला नकोसा ठरवला आणि ते मला पोहे सांगणाऱ्या ड्रायव्हर लोकांसमोर कळले, ही माझी तक्रार आहे व ती मी मागे घेत नाही.

तक्रारीवर काय कारवाई हवी, असे विचारले. ट्रक अडवावा असे मी सुरुवातीला म्हणालो होतो, ते खोडावे. शिरपूरला माल तीनच्या आत उतरला पाहिजे, नाहीतर हमाल निघून जातात. तिला वाटेत कोणी थांबवू नये.

इथून धुळ्याच्या खोलीवर जाणार की गावी, असेही विचारले. ते आत्ता सांगता येत नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तेच यात उतरले आहे, कमी-जास्त काही नाही. चष्मा गाडीत राहिल्यामुळे सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

(सही)
गिरधर दगडू फेगडे