कृष्णाताची लेक जावळाला निघाली

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. कीर्तन रंगात आलंय आणि मागं एखादं पोर भोकाड पसरतं, तेव्हा तुमच्या मनात काय येतं? बाळकृष्ण आला, असं येतं? अहो, इथून मला सगळ्यांची तोंडं दिसतात!

तर ऐका. एक होता कृष्णात. का हसता? कृष्णात नावाची माणसं काय कमी आहेत? गडी टाळकरी. ठेका कधी चुकायचा नाही, पण नाकावर राग! दोन वर्षांमागं सप्ताहात अलका नावाची एक माउली तान्हं घेऊन बसलेली. पोर रडायला लागलं. यानं टाळ थांबवले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पोर सांभाळता येत नसेल तर येता कशाला? बाहेर जा!" गेली बिचारी. उन्हात उभी राहिली. कुणी अडवलं? तुम्ही? — मी तरी कुठं अडवलं!

पुढच्या वर्षी कृष्णाताला लेक झाली. सात महिन्यांची झाल्यावर जोतिबाला जावळ काढायचं ठरलं. बायकोला म्हणतो, "सारिका, तू निवांत बस. पोरीचं सगळं मी बघतो." मग काय! झबली नऊ, दुपटी सहा, खुळखुळे तीन, थर्मास — बिऱ्हाडच निघालं की! आणि चैताच्या उन्हात, वारं लागेल म्हणून, पोरीला तीन स्वेटर, वर कानटोपी!

सारिका म्हणाली, "अहो, उकडतंय."

"तुला काय कळतंय?" — घ्या! नऊ महिने पोटात वाढवलं कुणी, आणि शिकवतंय कोण!

वडापची जीप, भरेल तेव्हाच सुटणारी; आत माणसं अकरा. जीप सुटली आणि पोरीनं सूर लावला. खुळखुळा वाजवला — सूर वाढला. कृष्णातानं गजर म्हटला — आणखी वाढला! कुणी म्हणे पोट दुखतंय, कुणी म्हणे दृष्ट लागली. शेवटी पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळले. "ओ पाव्हणं, पोर सांभाळता येत नसंल तर निघता कशाला? उतरा खाली!"

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. रस्त्याला एक झाड नाही. सारिकाच्या डोळ्यांत पाणी. हे तर आपलेच शब्द! कृष्णातानं लगेच ओळखले. आणि समोर बघतो तर काय — मांडीवर पोरगं घेऊन बसलीय, कोण? अलका! आता ही सगळं काढणार, म्हणून यानं मान खाली घातली.

अलका म्हणाली, "दादा, गाडी सोड. कुणी उतरायचं नाही." पोरीला ओढून घेतलं. "अगं बाई, पोरगी भाजून निघालीय की!" कानटोपी काढली. एक स्वेटर, दोन, तीन! ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, पदरानं वारा घातला. पोरीनं एक हुंदका दिला, आणि बापाकडं बघून हसली.

कृष्णाताला रडू आवरेना. "ताई, त्या दिवशी तुमचं पोर..."

"त्यालापण उकडतच होतं, भाऊ. मांडवातला पंखा तुमच्याकडं वळवलेला होता."

मंडळी, हे मला कुणी सांगितलं? त्यानंच! म्हणाला, "महाराज, सगळ्यांदेखत बोललो होतो, सगळ्यांदेखतच सांगा." अहो टाळकरी, मान वर करा, लाजता काय!

...ऐकलंत? मागं रडलं एक. अरे, टाळ ठेवून निघालाच की हा! आणि तुम्ही? माना वळवल्यात, पण सरकलं का कुणी?

थांब रे कृष्णाता, रिकाम्या हातानं जाऊ नको. हा माझ्या तोंडावरचा पंखा. दोन वर्षं झाली, मीही नाही फिरवला. गजर मग करू. आधी हा त्या माउलीकडं फिरव.