अरबी खलास, मुंबईचं खलास

...आणि वर वकिलांच्या ऑफिसातल्या शुभ्राबाई, अस्सल पुणेरी मराठीत मला विचारतात, "विजयकुमार, तुमचा मेव्हणा शिक्षा कमी व्हायला पात्र आहे का, ते आधी बघू." अहो, बघायचंय काय त्यात? पात्र आहे हो, पात्र! जन्मापासून!

हसताय काय? तेव्हा माझी झोप उडाली होती! मेव्हणा, म्हणजे आमच्या प्रमिलाचा धाकटा भाऊ सूर्यकांत, पाच वर्षांसाठी आत, आणि गुन्हा कसला, तर खुनाचा प्रयत्न! हत्यार? सुरमई! फ्रीजरमधली, गोठून दगड झालेली, चांगली दोन किलोची!

झालं काय, तुम्हाला सांगतो, अजमानला त्याच्या रूमवर किसन नावाचा नवा पार्टनर आला, मुंबईहून उतरून जेमतेम दहा दिवस, आणि लागला की सूर्याच्या आमटीला नावं ठेवायला! आज पाणचट, उद्या खारट, परवा "आमची म्हैसपण तोंड लावणार नाही"... किती ऐकायचं माणसानं? सूर्या ओरडला, "खलास!" म्हणजे पुरे, तोंड आवर, आपण इथं आखातात दिवसातून शंभरदा म्हणतो तेच अरबी खलास. पण किसनच्या कानात शिरलं मुंबईचं खलास! त्याला वाटलं, हा आपल्याला संपवतोय! त्यानं लाटणं उचललं, यानं हातातली सुरमई हाणली, डोक्याला सात टाके, आणि पोलिसांपुढे जबाब, "साब, बोला, खलास करता हूँ!" भाषांतरवाल्यानं लिहिलं, 'तुला ठार मारतो.' संपलं!

दोन वर्षं, हो! देवरुखला सासूबाईंना सांगितलं, पोरगा जहाजावर आहे, रेंज नाही. त्या रोज विचारायच्या, "जहाज कुठवर आलं गं?" आणि प्रमिला फोन ठेवून बाथरूममध्ये रडायची.

आणि एक दिवस किसन दारात! "भाऊ, काल मीच एकाला म्हणालो, खलास, आणि एकदम सूर्या आठवला! सूर्या 'खलास करतो' म्हणालाच नव्हता, नुसतं खलास म्हणाला होता!" अरे गाढवा, रोज ऐकतोस, आणि ट्यूब आत्ता पेटली?

पण त्यावरच सूर्या ठरला ना पात्र! जज्जसाहेबांनी किसनला विचारलं, "तो नेमकं काय म्हणाला?" "खलास." दुभाष्याला कामच उरलं नाही, शब्द जज्जसाहेबांच्याच भाषेतला! जज्जसाहेबांनी चष्मा काढला, "मग तू थांबला का नाहीस?"

हेतू गेला, खुनाचा प्रयत्न गेला, उरली मारामारी, तिची शिक्षा कधीच भोगून झालेली! प्रमिला रडली, मीही रडलो, लाजायचं काय त्यात? सुटलो हो एकदाचे! आमची आभा म्हणते, "बाबा, सो मामा वेंट टु जेल फॉर वन वर्ड?" म्हटलं, "वन वर्ड आणि वन सुरमई."

गेटबाहेर आला, म्हटलं, चल बाबा घरी, अल कुसैसला, ताईनं जेवण केलंय. तर म्हणतो कसा, "आईला तेवढं कळवा, जहाज लागलं म्हणून. मी किसनच्याच रूमवर जातो भावजी, त्यानं आमटी केलीय. बघू तरी, त्याला काय जमतं!"

पात्र आहे हो, पात्र! मी कोपरापासून हात जोडले, म्हटलं, "खलास!"... अरबी हं, अरबी! कुणी लिहून घेत असाल तर तसं लिहा!