राक्षसाचं हसू

हॅलो?… हां ताई, बोल. जेवतोय, पण बोल… कालच संपलं की रेकॉर्डिंग. राक्षसाचे सगळे सर्ग वाचून टाकले, घसा पार बसलाय… का गं, काय झालं?

स्टुडिओच्या मालकांना आवडलं नाही? कुठलं?… राक्षसाच्या मुलाचं प्रेत रणांगणावरून आणतात ते? अगं, तेच तर सगळ्यात… हो, हो… अगं ऐक ना.

काम देणाऱ्या संस्थेचे लोक म्हणतात? राक्षस रडला तर ऐकणारे त्याच्या बाजूने जातील?… जाऊ देत की घटकाभर. राक्षस रडला म्हणून देव लहान होतो का?

मी पदरचं नाही घातलं काही, काव्यातच आहे. नोकरांना बाजूला सारतो, पोराच्या तोंडावरची माती स्वतः धुतो… दुष्ट आहेच तो. गावं जाळली ते मी काय गोड आवाजात वाचलं? पण तिथे तो बाप आहे नुसता.

नाही. पुन्हा वाचणार नाही. त्यांना म्हणावं, दुसरा माणूस बघा… गरजच नाही? म्हणजे?

थांब, परत सांग… गाव जाळताना हसतो, ते हसू? तिथून कापून इथे चिकटवलं?… माझंच हसू, त्या पोराच्या प्रेतावर? कुणी चिकटवलं?

…ताई, तू?

हो, नोकरी आहे, कळतं मला. एडिटिंगला बसलीस म्हणजे सांगतील ते करावं लागतं… रडू नकोस. पण तुझ्या हाताने गं? दादाला शेवटचं घरी आणलं तेव्हा बाबा आठवतात ना? उभी गल्ली त्यांना दगड म्हणायची. त्याचं तोंड धुवायला आईलासुद्धा पुढे येऊ दिलं नाही त्यांनी… वाचताना मला तेच दिसत होते. दुसरं कोण दिसणार?

त्यांच्यावर हसायचं आपण?

हॅलो?… आहेस ना?… मालक आले? येऊ देत, मी काय घाबरतो? दे त्यांना फोन… देत नाहीस? मग काय करतेयस?

पुसलंस? हसू सगळं?… आणि रडणं आहे ना जागेवर?

ओरडू देत त्यांना. लाव, त्यांच्यासमोरच लाव… हां, येतंय ऐकू. आवाज वाढव, ताई… अजून वाढव… हॅलो?