बुधवारची गाडी

मी खटावकडची. आमच्या गावात घरटी एक मानूस मिलिटरीत, बाप फौजी, चुलते फौजी, मग नवराबी तसलाच मिळाला, अंगाची हळद उतरली न्हाई तोवर रजा संपली आन् गडी गेला. पुढं क्वार्टर मिळालं, कुठं तर लखनौला. आईला इचारलं लखनौ कुठं गं, ती म्हनाली वरच्या अंगाला, लांब. एवढाच तिचा भूगोल. आता तिथंच माझे केस पांढरे झाले. मालक हवालदार होऊन रिटायर झाले, लखनौच्याच सरोजिनी नगरला एका कारखान्याच्या गेटवर बसत्यात, तिथंच दोन खोल्या घेतल्या. नातवाला हाक मारली तर म्हनतो, आ रहा हूँ दादी. आजी म्हन रे मुडद्या, म्हनलं की हसतो.

मी वेल्फेअर सेंटरला शिवणकाम शिकवते, ते फौजींच्या बायकांसाठी हाय. म्हंजी कसं, मालक बॉर्डरवर, तिथं बायकापोरांना नेऊ देत न्हाईत, म्हनून हिकडं त्यांना क्वार्टरं देत्यात, सगळी लाईन नुसती बायकांची, पोरांची आन् म्हाताऱ्या सासवांची. सिलिंडर संपला, पोरगं तापलं, नळ गळतोय, समदं बाईनंच बघायचं. मीबी त्याच लाईनीत ऱ्हायलीया कैक वर्षं.

हां, तर गाडीचं सांगत व्हते. वाईट बातमी आमच्यात फोनवर देत न्हाईत, दारात येऊन देत्यात. साहेबांच्या मॅडम येनार, सोबत एकदोघं, मिलिटरीची हिरवी जिप्सी गाडी. हे लाईनीतल्या बारक्या पोराला बी ठावं. म्हनून जिप्सी वळली की सगळी लाईन गपगार, कुनाच्या तरी कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. गाडी दारावरनं पुढं गेली की बाई हात जोडायची, आन् लगेच तिलाच लाज वाटायची, कारन आपल्या दारावरनं पुढं म्हंजी दुसरीच्या दारात की.

एकदा माझ्या दारात थांबली. मी भाकरी थापत व्हते. मॅडम उतरल्या तशी मी उंबऱ्यातच बसले, पिठाच्या हातानं कपाळ झाकून घेतलं, कुंकू कुनाला पुसू देनार न्हाई म्हनून. मॅडम बोलतायत, अरे शालन, सासूजी की आँख का ऑपरेशन है ना, हॉस्पिटल में नंबर लग गया, तुम्हारा फोन नहीं लगा. मला ऐकूच येईना. तव्यावरची भाकर कोळसा झाली. सासू चाचपत बाहेर आली, तिला दिसत न्हवतं, म्हनते कोन आलंय गं, तू अशी का बसलीयास. आन् मग मी उठले ती मॅडमवरच वरडले. जवानाची बायको साहेबांच्या बायकोवर! म्हनलं, ऐसे तो औरत मर जाएगी मॅडम, गाडी चांगल्या कामालाबी पाठवा, सारखी पाठवा, म्हंजी गाडी आली की मयतच आली असं तर वाटनार न्हाई. त्या मॅडम लई चांगल्या. सगळं ऐकून घेतलं आन् माझ्याच घरात मलाच पान्याचा पेला भरून दिला.

तवापासनं बुधवारची गाडी सुरू झाली, आन् गाडीवर मी. म्हाताऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, कँटीनचं सामान, कुनाला हॉस्पिटलला न्यायचंय, कुनाला पोरांच्या शाळेची मदत मिळते पन बिचारीला म्हाईतच न्हाई, तिला सांगायचं. मॅडम बदलत गेल्या, बुधवार ऱ्हायला. पोरं गाडीमागं पळायला लागली. बायका हाका मारायच्या, मावशी, पहले हमारे यहाँ. मी लई फुशारले व्हते, खोटं कशाला बोलू.

आन् मग गेल्या थंडीत ते झालं. रुपाली म्हनून जतकडची पोरगी, तिची लेक केजीला. मराठीत बोलायला तिला माझ्याबिगर कोन न्हाई, त्यामुळं माझ्यावर लई जीव. बुधवारी लांबनंच वरडायची, मावशी, आज काय आणलंय? नवरा बर्फात, फोन कधी लागायचा कधी न्हाई.

त्या दिवशी बुधवार न्हवता. नव्या मॅडमचा फोन आला, ताई, आपको साथ चलना है. कुनाच्या घरी ते त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई. गाडीत बसल्यावर म्हनाल्या, रुपाली. वर बर्फ कोसळला. मी म्हनलं, मॅडम, पक्का है? त्या नुसतं हाँ म्हनाल्या.

काय सांगू तुमाला. जिप्सी लाईनीत वळली तशी पोरं मागं पळत आली. एक बाई कपडे वाळत घालत व्हती, तिनं हात केला, अरे मावशी, आज कैसे? मला वाटत व्हतं कुनीतरी घाबरावं, एखादीनं तरी धाडदिशी दार लावावं, म्हंजी त्या पोरीला दार उघडायच्या आधी थोडं तरी कळंल. पन कोन घाबरंल? मीच तर सगळ्यांना शिकवलं व्हतं, गाडीला भ्यायचं न्हाई म्हनून.

रुपाली ओढणीत मटार घेऊन सोलत बसली व्हती. उठून दारात आली, हसत. मावशी, आज काय आणलंय? मॅडमनी तिचा हात धरला तरी ती हसतेच, आन् मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मटार सगळे पायऱ्यांवरनं खाली गेले. अजून मला बाजारात मटारच्या ढिगाकडं बघवत न्हाई.

ती लेकीला घेऊन गावाला गेली. मी मॅडमना सांगितलं, आता बुधवारी मी गाडीत बसनार न्हाई. मालक म्हनले, येडी का काय, ती घाबरली असती तर गडी वाचला असता का? खरं हाय. पन माझ्या जिवाला ते पटंना. बुधवारची गाडीच बंद झाली. म्हाताऱ्या सासवा गुडघे धरत ई-रिक्षानं गोळ्या न्यायला यायला लागल्या, आन् मी मशीनवर मान खाली घालून बसायची.

मग रुपाली परत आली. तिला क्वार्टर अजून ठेवता येतं, पोरीची शाळा हाय, पेन्शनची कामं हिथनंच व्हनार. सोबत सासरे, त्यांना चालवत न्हाई. मॅडम म्हनाल्या, ताई, उनको बैंक ले जाना है, आप चलिए, बहू को कुछ समझ नहीं आ रहा. नेमका बुधवार. सासऱ्यांच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. गेले. जिप्सी वळली आन् लाईन गपगार. बायकांनी पोरं आत ओढली, दारं लागली, अगदी पूर्वीसारखं. ड्रायव्हर भैयाचाबी जीव हुईना, त्यानं गाडी रुपालीच्या दाराच्या अलीकडंच थांबवली. मी तशीच गाडीत बसून.

तर रुपाली बाहेर आली. निम्मी झालेली. कपाळाला बारीक काळी टिकली तशीच ठेवलेली, ते बघून मला बरं वाटलं. रस्त्याच्या मधी उभी ऱ्हायली आन् सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं वरडली, भैया, गाड़ी इधर लाओ, मेरे दरवाज़े पे लगाओ. आन् मग मला म्हनाली, मावशी, आज काय आणलंय? हसली न्हाई. पन म्हनाली.

मी म्हनलं, तुझ्या सासऱ्यांच्या गोळ्या आणल्यात बाई. आन् गाडीतच रडले. तोवर समोरचं एक दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं.

बुधवारची गाडी परत चालू हाय. फक्त आता मी कोपऱ्यावरनंच वरडत येते, गोळ्या आणल्यात गं, साबन आणलाय, चाय पत्ती आणलीय. पोरं माझी नक्कल करत्यात, करू देत. मावशी वरडत आली की सगळं ठीक हाय, हे बायकांना ठावं. ज्या दिवशी मी गप येईन त्या दिवशीचंबी त्यांना ठावं. रुपाली आता मशीन शिकते माझ्याकडं, लेक तिची पायात घोटाळते, मला नानी म्हनते. रोज दिवा लावताना मी बाकी काय मागत न्हाई. पोरींची कपाळं सांभाळ म्हनते, आन् माझा गळा बसू देऊ नको.