कमलिनीच्या मनोगताआधी

आदरणीय अध्यक्ष नागराजराव, व्यासपीठावर बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती कमलिनीताई, त्यांचे यजमान मिलिंदराव, मंडळाचे पदाधिकारी आणि वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी जयलक्ष्मी. माझं मराठी म्हैसूरचं. मध्येच 'नाही का'च्या जागी 'अल्वा' निघालं तर पुण्या-साताऱ्याकडच्यांनी सांभाळून घ्यावं. मला तुम्ही ओळखत नाही. पण आत्ता पडद्यावर कमलिनीच्या सिनेमांतले प्रसंग दाखवले आणि कोर्टात ती कडाडली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात, अल्वा? तो आवाज माझा. बावीस वर्षं चेहरा तिचा आणि आवाज माझा. याला डबिंग म्हणतात.

मिलिंदरावांना हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली, म्हणून ही साताऱ्याहून इकडे म्हैसूरला आली. आपल्या मंडळाच्या मराठी नाटकात दिग्दर्शक नरसिंहमूर्तींनी तिला पाहिलं आणि थेट कन्नड मालिकेत घेतलं. भाषेचा पत्ता नाही! सेटवर ती नुसते आकडे म्हणायची. सासू वारल्याच्या प्रसंगात ही धाय मोकलून काय म्हणत होती माहीत आहे? सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस! हिनकलच्या स्टुडिओत तिच्या ओठांवर कन्नड शब्द बसवताना मी हसत होते आणि रडतही होते. अय्यो, ते डोळे! तिच्या डोळ्यांनीच मला रडायला शिकवलं.

पुढं तिला पुरस्कार मिळाला. शाल घेऊन ती माझ्या दारात उभी. म्हणाली, "अक्का, ही तू पांघर. निम्मं काम तुझं आहे." असं कोण म्हणतं हो?

आता जे सांगते, ते बोलायला मला कुणी बोलावलेलं नाही. अध्यक्षमहाशय, दोन मिनिटं जास्त द्या.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कमलिनीनं वर्षभर बन्नूरहून येणाऱ्या भाजीवालीशी रोज तासभर गप्पा मारून कन्नड पक्कं केलं. मग नरसिंहमूर्तींकडे हट्ट धरला, "एक सिनेमा मला माझ्या स्वतःच्या आवाजात करू द्या." त्यांनी चार प्रसंग तिच्या आवाजात घेतले आणि मला ऐकवले. "जया, तुझा कान पक्का. तू सांग, चालेल का?"

चाललं असतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. शेवटच्या प्रसंगात तिचा आवाज जरा फाटतो, तिथं माझ्या अंगावर काटा आला. आणि मी म्हणाले, "नको सर. मराठीचा वास येतो." माझ्या स्वतःच्या घरात चार पिढ्या मराठी, आणि मी हे म्हणाले!

का? भीती वाटली. तिला तिचा आवाज मिळाला तर मी कोण? बाजारात मला कोणी ओळखत नाही, पण तिची मालिका लागली की शेजारच्या घरातून माझाच आवाज यायचा. तो मला सोडवला नाही. सरांनी ते चार प्रसंग पुसून टाकले. कमलिनीला वाटलं, आपणच कमी पडलो. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. महिन्याभरानं तिची मुलगी वल्लरी माझ्याकडे आली. "जयामावशी, आईचं काही जुनं रेकॉर्डिंग आहे का? आमच्या फोनमध्ये 'कुकर बंद कर', 'हेल्मेट घाल' एवढंच आहे. आई काम करताना कशी बोलायची, ते कुठंच नाही." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते? होतं ते मीच पुसायला लावलं होतं.

कमलिनी, मान खाली घालू नकोस गं. मान मी खाली घालायची आहे.

मंडळानं मला तिचं मनोगत वाचून दाखवायला सांगितलंय. तो कागद माझ्या हातात आहे. पहिल्याच ओळीत तिनं माझे आभार मानलेत. हे मी वाचणार नाही. आजही तिच्या जागी मीच बोलायचं, हे मला जमणार नाही. वल्लरी, इकडे ये बाळा. आईचं तू वाच.

मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही वेडंवाकडं आलं असेल तर ते तुम्ही पोटात घालाल, याची मला खात्री आहे. कमलिनी, तू मात्र घालू नकोस. परवा तू वल्लरीबरोबर तिच्याकडे पुण्याला जाणार आहेस. त्याआधी मी येईन घरी. मनात येईल ते सगळं मला लिहून दे. मी एक शब्द बोलणार नाही.