धरणाची सुरक्षा

हसू नका, पण डोळखांबच्या पुढे आमच्या गावात सरपंच एक मोबाइलचा खेळ बंद करायला निघाले. नकाशात दिसेल तिथे चालत जाऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्राणी पकडायचे, असा तो खेळ.

ग्रामसभेत म्हणाले, "सरकारंसुद्धा असले खेळ बंद करतात. आपल्या धरणाचे फोटो बाहेर जातात, पोरंपोरी कुठंपण भेटतात."

त्यांची बायको उठली. "मी खेळते ते तुमाला बघवत नाय, सरळ बोला ना."

सरपंचांचा आवाज उतरला. "घरी येतो तर तू नसतेस गो."

"मंग तुमी पन चला."

सभा हसली. आता दोघं रोज संध्याकाळी धरणाकडे जातात, दोघांत एकच मोबाइल. माझी बायको वारल्यापासून मी त्या वेळी ओट्यावर एकटाच असतो. ते येताना दिसले की उठून आत जातो.